आधी वजन, मग पोट

(खालापुरातला डॉ. मिलिंद यांचा दवाखाना. कुंभिवलीच्या हवाबी वजनकाट्यावर उभ्या आहेत. सून तस्लीम शेजारी.)

हवाबी: मी सोताच चढले बघा, तुमी सांगायच्या आधी. आकडा वाचा की, डाक्टर.

डॉक्टर: अरे वा. चाची, कमाल केलीत. दारातून आलात तर ओळखलंच नाही मी. गेल्या वर्षी काय म्हणालो होतो तुम्हाला?

हवाबी: “काटा नवीन आहे, चाची, जपून चढा.” बाकावरची समदी हसली. मी पन हसले.

डॉक्टर: ती आपली गंमत हो. पण मनावर घेतलंत ना? आता येईल त्याला तुमचं उदाहरण देतो. काय सोडलंत, भात?

हवाबी: काय नाय सोडलं.

तस्लीम: सोडायला जेवतात कुठे त्या? ईदला एवढी बिर्याणी केली, चार घास खाऊन ताट सरकवलं.

हवाबी: तू गप गं. शेजारची झिनत पाठीच लागली, चाची, सकाळचं काय पिता? दिलं ठोकून, मेथीचं पानी. काय न करता उतरलं म्हनून सांगितलं तर कोन इस्वास ठेवनार?

डॉक्टर: काहीच न करता?

हवाबी: आपोआप. अल्लाची मेहेरबानी. बांगड्या हातात ऱ्हात नाय आता.

डॉक्टर: खाली उतरा, चाची. बसा इथे. बाकी त्रास काही?

हवाबी: तोच, पोटाचा.

डॉक्टर: तोच म्हणजे?

हवाबी: मागच्या टायमाला सांगितलेला. हितं, बरगडीखाली. आता पाठीत पन जातो.

डॉक्टर: मग एवढे दिवस आला का नाहीत?

हवाबी: तुमीच म्हनलात ना, आधी वजन, मग पोट. वजन उतरवा आन मगच या. तशीच कशी येनार मी? उतरलं, आले.

तस्लीम: मी किती मागे लागले, डॉक्टर. म्हटलं कर्जतला दुसऱ्या कुणाला दाखवू. तर म्हणतात, नको गं, काटा तिथं पण असतो.

डॉक्टर: चाची, आडव्या व्हा. पोट बघू दे. इथे दुखतं?

हवाबी: हां. हळू.

डॉक्टर: श्वास घ्या. सोडा. तस्लीम, आजच्या आज सोनोग्राफी करायची. मी फोन करून ठेवतो, तुम्ही इथूनच निघा. घरी जाऊ नका.

तस्लीम: काय लागलं हाताला?

डॉक्टर: गाठ वाटतेय. कसली, ते आत्ता नाही सांगता येणार. पण असं आपोआप उतरलेलं वजन चांगलं नसतं गं. आणि मी शाबासकी देत बसलो.

हवाबी: म्हंजे उशीर झाला?

डॉक्टर: माहीत नाही, चाची. तेव्हाच बघायला हवं होतं. चुकलो मी.

हवाबी: तुमच्या हाताला गुन हाय म्हनतात लोकं. मागच्या टायमाला तुमी हात लावलाच नव्हता.

डॉक्टर: नव्हता लावला.

हवाबी: तवा मी बारीक असते, तर लावला असता?

डॉक्टर: लावला असता.