कपिलचं नाव

बेल्ह्याच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघून बघून हर्षाली कातावली व्हती. तेवढ्यात शेजारच्या बाकावर एक म्हातारा आन् त्याची लेक बोलायला लागली, आन् तिचे कान तिकडं गेले.

"स्नेहा, तुझ्या आईच्या फोटूंची ती साइट कुणालाबी दिसती का गं?"

"नाय दादा. सर्व्हरवर मी 'घरचे' म्हणून ग्रुप केलाय. त्यात ज्याचं नाव, त्यालाच पासवर्ड टाकून आत जाता येतं."

"मग कपिल?"

"त्याचं नाव काढलं. न सांगता लगीन केलं तवा तुमीच म्हणाला व्हता, ल्योक आसला तरी त्यो आता आपल्या घरचा नाय."

"मी रागात लई काय काय म्हणतो. तू लगीच ऐकती व्हय?"

"नाय ऐकलं तरी ओरडता की!"

"बरं. त्यो येतो का तिकडं?"

"रोज येतो. सर्व्हरवर नोंद दिसती. पासवर्ड टाकतो, परवानगी नाय म्हणलं की जातो. काल चार वेळा आला."

"काल तिला जाऊन वरीस झालं."

"व्हय."

"घे त्याला परत."

"नुसतं बघायला, का फोटू टाकायला बी?"

"टाकू दे की. तिचा हसतानाचा फोटू त्याच्याकडंच हाय."

"आन् खोडायला?"

"खोडायचं कुणालाच देऊ नगं. मला तर आजिबात नगं."

गाडी लागली. दारात ही गर्दी झाली. हर्षालीनं कोपर आडवं घातलं आन् स्नेहाला म्हणाली, "ताई, तू आधी चढ. बसून त्या कपिलचं नाव घाल."