तेविसावी ओळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या टी-शर्ट छापखान्याचे मालक पाक ओमान, त्यांच्या पत्नी बू तिती, जकार्ताहून खास गाडी करून आलेले पाहुणे मास गालिह, आणि केळीच्या पानांवर वाढलेल्या लिवेत भाताकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सुची रस्त्यावरच्या बंधुभगिनींनो,

"दादान, रेंगानिसबद्दल चार शब्द बोल," असं पाक ओमान म्हणाले. मी कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलं, त्यामुळे चारावर थांबायची शिस्त अंगात नाही. सांभाळून घ्या.

रेंगानिस चार वर्षं आमच्याकडे शर्टांची डिझाइनं करत होती. सोमवारपासून ती जकार्तात, मास गालिह यांच्या कचेरीत कामाला जाणार. अभिनंदन. टाळ्या वाजवा, मी थांबतो.

हे घडलं कुणामुळे? माझ्यामुळे. मागल्या वर्षी मी कचेरीतल्या भाषेची टर उडवणारा शर्ट लिहिला. 'यावर बैठकीत बोलू', 'बैठक कशासाठी ते पुढच्या बैठकीत ठरवू', अशा बावीस ओळी, गळ्यापासून बेंबीपर्यंत. पाक ओमान म्हणाले, "अरे, हा शर्ट आहे की भाडेकरार? एवढी बारीक अक्षरं, छपाईच्या जाळीत शाई तुंबेल." बू तिती म्हणाल्या, "बाईमाणसाच्या छातीवरचं एवढं वाचत कोण उभा राहील? आणि राहिलाच, तर त्याला मी सोडेन होय?"

रेंगानिसनं कागदाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं, 'बावीसही ओळी दुसऱ्यांच्या. तुझी कुठाय?'

माझं डोकं फिरलं. अख्खा शर्ट माझा, आणि वर माझी ओळ कुठाय म्हणे. मी तेविसावी ओळ वाढवली. तीही कचेरीचीच.

मग तिनं त्या ओळींची कोरी नक्कल जुन्या गिऱ्हाइकाला, म्हणजे मास गालिहना, पाठवला. त्यांनी तीन पानी अभिप्राय धाडला, अगदी गंभीरपणे. 'आशयाचा भार घटवून प्रभावक्षेत्र वाढवावे.' वाचता वाचता ती डोळ्यांत पाणी येईतो हसली. माझ्या एकाही विनोदाला ती तशी हसली नव्हती. "पण दादान, किती मन लावून वाचलंय रे यांनी."

मन लावून. ते दोन शब्द मला अजून करपट ढेकरेसारखे वर येतात.

सूड म्हणून मी तो अभिप्रायच शर्टावर छापला, शब्दशः. वाटलं, माणूस चिडेल, पुन्हा तोंड दाखवणार नाही. तो शनिवारी दारात हजर. "मी एवढा विनोदी आहे, हे मला कुणी सांगितलं कसं नाही?" म्हणाला, आणि कचेरीसाठी चाळीस शर्ट घेतले. चाळीस शर्ट न्यायला किती खेपा लागतात? यांना सलग पाच शनिवार लागले.

काल कपाट आवरताना माझा तो मूळ कागद सापडला. कडेची तिची पेन्सिल पुसलेली नाही. तिचा अभिप्राय शर्टाबद्दल नव्हताच, हे कळायला मला वर्ष लागलं. मास गालिहना पहिल्याच वाचनात कळलं असतं. तेवढं त्यांचं मी मानतो, आणि म्हणूनच ते मला आवडत नाहीत.

रेंगानिस, ही घे माझी ओळ. जाऊ नको. दोनच शब्द आहेत, शाई तुंबणार नाही. मुदत उलटली, हेही ठाऊक आहे.

पाक ओमान, खुणा कशाला करता, बसतोच. माझ्यापायी तुम्ही सगळ्यांनी भात निवू दिलात, उपकार आहेत. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. मास गालिहनी नाही घातलं तरी चालेल. फक्त लेखी कळवू नये. तिला हसू येतं.