चेअरमनसाहेबांचा शोधनिबंध

...आन वरून मलाच म्हणायले, सर, तुमी तुमचं नाव मागं घ्या. आता तुमीच सांगा मंडळी, निबंध माझा, टाइप म्या केला, पाठ धरली माझी, आन नाव मागं कोणी घ्यायचं, तर मी. कावून? तर संस्थेच्या हितासाठी. इतकी वर्षं कॉलेजात हिंदी शिकवायलो, भाषांतराचा पेपर शिकवायलो, पर असलं भाषांतर म्या जन्मात बघितलं न्हाई.

थांबा, पैल्यापासून सांगतो, न्हाईतर तुमाला वाटंल हा गहिनीनाथ सर उगंच रडायलाय. त्या साली दुष्काळ पडला. म्हंजे आमच्या बीड जिल्ह्यात ही काय बातमी न्हाई, पर त्या साली लईच पडला, आन दिल्लीहून पथक आलं पाहणीला. सायबाला मराठी येईना. मंग तहसीलमधून कॉलेजला फोन, दुभाषी पाठवा, म्हंजे इकडचं बोलणं तिकडं सांगणारा माणूस. गेलो. छातीवर बिल्ला लावला, 'दुभाषी'. तुमाला सांगतो, माझ्या लग्नात सुदीक मला कुणी येवढं सजवलं नव्हतं.

तर गावात भामाबाई उभी, हंडा घेऊन. सायबानं विचारलं, काय तकलीफ हाय. आन बाई जी सुरू झाली... म्हणली, सायब, टँकर येतो, पर आधी चेअरमनच्या मोसंबीला जातो, मोसंबीचं पोट भरलं की मंग बुडाचा गाळ आमच्या हंड्यात, आमी माणसं उन्हात उभी आन झाडं निवांत पाणी पितेत, मोसंबीला मतदान हाय का सायब, नातवाला जुलाब लागलेत, अंबाजोगाईला दवाखान्यात ठिवलाय, डॉक्टर म्हणतो पाणी उकळून द्या, आता गाळ किती उकळायचा... रडली न्हाई बाई, सरळ उभं राहून बोलली. मला लई वाईट वाटलं. म्या तोंड उघडलं, तेवढ्यात खांद्यावर हात. सुंदरराव. साखर कारखान्याचे चेअरमन, आमच्या कॉलेजचे अध्यक्ष, आन त्या मोसंबीचे बी मालक. म्हणले, "सर, तुमी दमलाव, मी सांगतो." आन सांगितलं काय? "माताजी बोल रही है, टँकर टाइम पे आता है, सरकार का धन्यवाद." बस. येवढ्या मोठ्या बोलण्याचं येवढंसं. म्या हळूच म्हणलं, साहेब, बाई तसं न्हाई म्हणली. तर मलाच शिकवायले, "सर, शब्दाला शब्द लावत बसता का? भावार्थ घ्या, भावार्थ."

गाड्या गेल्या. भामाबाई माझ्या बिल्ल्याकडं बघून म्हणली, "सर, माझं बोलणं पोचलं का सायबाला?" काय सांगता? म्हणलं, पोचवतो. तोंडी न्हाई तर लेखी पोचवतो. म्हणून लिवला निबंध. बढतीसाठी बी लिवला, खोटं कशाला बोलू, पर आधी तिच्यासाठी. बाईचं बोलणं शब्द न् शब्द, त्याच्याखाली दुभाष्यानं काय सांगितलं ते, आन मधी काय काय सांडलं त्याची चर्चा. आता संशोधनात असा नियम हाय की माणसाचं खरं नाव द्यायचं न्हाई. मंग चेअरमनला म्या नाव दिलं 'दुभाषी क'.

पुण्याच्या एका नियतकालिकाला पाठवायचा, तर प्राचार्यांची सही लागती. तिथंच रुतलं सगळं. आमचे प्राचार्य आसाराम सर, त्यांनी पैलं पान बघितलं आन चष्मा काढला. "एकट्याचंच नाव? बरं दिसतंय का ते? लग्नपत्रिकेत सुदीक सगळ्या भावकीची नावं आसतेत." म्हणलं, सर, ही पत्रिका न्हाई. "मंग कुणी नाराज झालं तर तुमी समजूत काढणार का?" आन सुरू झालं बगा. अध्यक्ष आले, मंग उपाध्यक्षांना वगळून कसं चालंल, सचिव आले, ग्रंथपाल आले कावून की पुस्तकं त्यांच्या कपाटातली, एक महिला पायजे म्हणून एक मॅडम आल्या, एक विरोधी गटातला घेतला तोंड बंद ठिवायला, आन कैलासवासी संस्थापक... ते वारले तवा ह्या दुष्काळाचा पत्ता बी नव्हता, पर त्यांची प्रेरणा म्हणले. माझं नाव कुठं, तर खाली, जिथं पत्रिकेत बारक्या लेकरांची नावं आसतेत.

पाठवला. पुण्याहून उत्तर आलं, लेखक पाचच चालतील. झालं. सहकारात मुरलेली माणसं ही, मतदान घ्यायचं म्हणलं की त्यांना कमीपणा वाटतो. कारखान्याच्या गेस्टहाऊसवर बैठक बसली, बिनविरोध करायचं ठरलं. चेअरमन पैले, कावून की त्यांना झेडपीला उभं राहायचं होतं आन पत्रकावर 'संशोधक' छापायचं होतं. एकेकानं माघार घेतली, कुणाला कमिटी दिली, कुणाला काय. कैलासवासींनी बी घेतली. तरी एक नाव जास्तच. आन सगळे माझ्याकडं बघायले. "सर, तुमी तर घरचे. पुढच्या निबंधात तुमाला स्वीकृत घेऊ." म्हणलं, आवं, पर लिवलाय म्या. आसाराम सर म्हणले, "कुणी लिवला ह्याच्यात शिरू नका. संस्थेचा हाय. भावार्थ घ्या."

मंग फॉर्म आला, प्रत्येक लेखकानं काय काम केलं ते लिवा. चेअरमनच्या नावापुढं लिवलं, 'घटनास्थळी प्रत्यक्ष दुभाषी म्हणून काम केले.' मंडळी, सगळ्या फॉर्मात तेवढंच एक खरं होतं. सही करता करता त्यांनी दोन पानं चाळली बी. म्हणले, "सर, हा दुभाषी क लई बदमाश दिसतो. कोण हाय?" म्हणलं, सांगता येत न्हाई साहेब, नियम हाय. "बरोबर हाय," म्हणले, "कशाला कुणाची बदनामी करा."

म्हणलं, जाऊ द्या, सुटलो. कुठलं सुटतो. महिन्याभरानं मला पुण्याहून मेल. 'आपण ह्या विषयातले जाणकार, सोबतचा निबंध तपासून द्यावा, लेखकांची नावं झाकलेली आहेत.' उघडला. माझाच. मराठवाड्यात भाषांतर शिकवणारा दुसरा कुणी त्यांना घावला न्हाई, आन नव्या यादीत मी लेखकात नव्हतो, म्हंजे एकदम निष्पक्ष. म्या संपादकबाईला फोन लावला, म्हणलं, मॅडम, हा म्या लिहिलाय. "अहो, असं कसं सर? आमच्याकडे लेखकांच्या सह्यांची प्रतिज्ञापत्रं आहेत. लेखकत्वाचा वाद संस्थेनं मिटवायचा असतो. तुम्ही तुमच्या अध्यक्षांकडे तक्रार करा ना." म्हणलं, आमचे अध्यक्ष म्हंजेच त्याच्यातले पैले लेखक. "मग उलट सोपं झालं की." आन म्हणल्या, तुम्हाला नसेल जमत तर राहू द्या, पण दुसरा परीक्षक मिळेपर्यंत निबंध थांबेल, कदाचित परतच जाईल.

आता काय करता? नापास करावा तर भामाबाईचं बोलणं पुन्हा तिथंच, मोसंबीच्या बुडाशी. पास करावा तर जलमभर माझं नाव गेलं. दोन दिवस जेवण गोड लागलं न्हाई. शेवटी लिवलं, छापावा. फकस्त बाईचं बोलणं जे आसाराम सरांनी लांबतंय म्हणून कापलतं, ते परत घाला. तेवढा हक्क परीक्षकाला आसतो. आन आठवड्यानं आसाराम सर माझ्या केबिनमधी. "सर, पुण्यात कोण परीक्षक बसलाय, लई किरकिऱ्या माणूस हाय. दुरुस्त्या सांगितल्यात. तेवढ्या करून द्या बरं." करून दिल्या, आवं. न देऊन काय करता.

छापून आला. कॉलेजात चेअरमनचा सत्कार झाला, शाल, नारळ, सगळं. वाचला कुणीच न्हाई. मंग म्याच एसटी धरली आन अंक घेऊन गेलो भामाबाईकडं. ओसरीत बसून तिचं बोलणं तिला वाचून दाखवलं, टँकर, मोसंबी, गाळ, नातू, सगळं. बाई लई खूश. म्हणली, "पोचलं म्हणा एकदाचं. कुणी लिवलं हे?" म्हणलं, बाई, म्या लिवलं. आन वर नाव वाचलं तिच्या नातवानं, मोठ्यानं, सुंदरराव. भामाबाईनं माझ्याकडं अशी नजर टाकली, जशी मी कॉपी करणाऱ्या पोराकडं टाकतो. "सर, नाव तर चेअरमनचं हाय की." आता मी कुणाकुणाला काय समजावू?

बाईनं अंक हातात घेऊन उलटापालटा बघितला. मंग म्हणली, "म्हंजे आमचा टँकर मोसंबीला जात होता, हे चेअरमननं सोता छापून आणलं?" म्हणलं, कागदावर तर तसंच हाय. "येवढं कबूल कोण करतंय सर आजकाल? माणूस वाईट न्हाई म्हणायचा. या बारीला माझं मत त्यालाच."

म्या म्हणलं, द्या.