धूम्राची घागर

साल मला विचारू नका, साल मला नक्की आठवत नाही. खरं म्हणजे जे आठवतं तेही तसंच घडलं होतं, की इतक्यांदा सांगून सांगून मला तसं वाटायला लागलंय, याचीसुद्धा खात्री देत नाही... करोनाच्या आधीचं म्हणालो की आमची बायको मालतीबाई म्हणते नंतरचं, नंतरचं म्हणालो की म्हणते आधीचं. म्हणजे घरातच मतभेद आहेत. पण अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती एवढं पक्कं, सुरतेच्या पांडेसऱ्यात उन्हानं डांबर मऊ झालं होतं, आणि मी, वय एकाहत्तर, एम.ए., पीएच.डी., डोक्यावर टोपीसुद्धा नाही, भरलेली घागर हातात धरून अशा एका नदीच्या काठी उभा होतो की जी कुठल्याच नकाशात सापडायची नाही.

आता ही नदी कुठली, हे विचाराल. तर तुम्हाला सांगतो, त्यासाठी माझ्या प्रबंधापासून सुरुवात करावी लागेल. 'मरणोत्तर गतीच्या भारतीय कल्पना', सहाशे बारा पानं. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक वयस्क प्राध्यापक आले होते, त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, हे सगळं ठीक आहे हो सुकदेवराव, पण मेल्यावर माणसाचं होतं काय? मी म्हणालो, यावर मतभेद आहेत. ते म्हणाले, तुमचं मत सांगा. मी म्हणालो, माझ्यातही आहेत. पदवी दिली त्यांनी, नाही असं नाही, पण देताना ज्या नजरेनं बघितलं ना... ती नजर मी अजून उशाशी घेऊन झोपतो. पुढे एकतीस वर्षं सुरतेत तत्त्वज्ञान शिकवलं आणि तो प्रश्न मला पुन्हा कुणी विचारला नाही.

विचारला तो थेट माझ्या नातीनं. पल्लवीनं.

ही पल्लवी म्हणजे आमच्या गोपालची मुलगी. गोपाल डाइंग मिलमध्ये रंग बनवतो, संध्याकाळी नखं निळी करून घरी येतो, आणि पोरगी त्याच्याहून निळी, कारण दिवसभर फोनच्या उजेडात. अष्टद्वीप नावाचा एक खेळ. शेकडो माणसं आपापल्या गावी बसून त्यात एकमेकांना भेटतात, कुणी तलवारवाला, कुणी चेटकीण, कुणी अर्धा वाघ. मला वाटायचं नुसती मारामारी असेल. पण पल्लवीची जी टोळी होती ना, ती लिहायची! आपलं सोंग कुठे जन्मलं, कुणावर रुसलं, कुणासाठी लढलं, सगळं कथेत लिहून एकमेकांना दाखवायची. एकदा मी चोरून वाचलं. पन्नास पानं, एक परिच्छेद नाही, तरी शेवटपर्यंत वाचत राहिलो. माझा प्रबंध शेवटपर्यंत वाचलेला माणूस मला अजून भेटायचाय.

तिच्या सोंगाचं नाव धूम्रा. आई नाही, बाप नाही, घर नाही, धुरातून जन्मलेली. तीन वर्षं पल्लवी तिला लिहीत होती. आणि एका लढाईत, एका पुलावर, धूम्रा मेली. त्या टोळीचा नियम असा, की मेलं ते पल्याड गेलं, आणि महिन्याभरात त्याचं नाव वहीतून पुसायचं. पुसलं की संपलं, लिहायचंही नाही. पोरगी भिंतीकडे तोंड करून बसली. जेवणावर वासना नाही. आणि तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणते, "आबा, तुमचं ते मेल्यानंतरचं आहे ना, ते लिहून द्या. पल्याड काय असतं ते आमच्यात कुणी लिहिलेलंच नाही. कुणी लिहिलं तर तिचं नाव राहील."

बघा म्हणजे! चाळीस वर्षं त्या पानांना वाळवी लागली, आणि गिऱ्हाईक आलं ते हे.

त्या टोळीचा राजा ललित. कोसाडला राहतो, एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर काम करतो, आणि जेवणाच्या सुट्टीत राज्य चालवतो. त्याचा मला फोन. "सर, मरने के बाद क्या होता है, चार लाइन में भेज दो." चार ओळी! मी म्हणालो, बाळा, यावर मतभेद आहेत. तो म्हणाला, "तो सर, उसमें से जो सबसे अच्छा है वो भेज दो."

मी चव्वेचाळीस पानं पाठवली. पाच लोक, तीन मार्ग, तळटीपा वेगळ्या. ललितनं अंगठा पाठवला, आणि तासाभरानं विचारलं, सर, पण यात जायचं कुठे? मी पुन्हा वाचून बघितलं तर त्याचं खरं होतं, जायला जागाच नव्हती. प्रत्येक दारावर मी 'कदाचित' लिहून ठेवलं होतं.

आठ दिवस असा डोकं धरून बसलेलो, आणि मालतीबाई समोर सांजोऱ्यांचा रवा भाजत होती. म्हणाली, मेलेली माणसं अखाजीला येतात. तहानलेली असतात. घरच्यानं घागर भरून ठेवली की पाणी पितात, आगारीचा, निखाऱ्यावर टाकलेला घास घेतात. एवढं लिहायला काय आठ दिवस लागतात? मी विचारलं, आणि एरवी कुठे असतात? पल्याड. पल्याड म्हणजे नेमकं कुठे?

"मला काय माहीत," ती म्हणाली, "मी काय मेले का?"

मी तेच लिहिलं. चौदा कलमं. पल्याड दुःख नाही, सुख नाही, फक्त तहान आहे. अखाजीच्या दिवशी घरच्यानं घागर भरावी, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवावं, नावानं हाक मारावी. हाक ऐकून जो नदी ओलांडून येईल आणि पाणी पिईल, त्याचं नाव वहीत राहील. दिवस मावळेपर्यंत जो येणार नाही, त्याचं पुसावं. एकही तळटीप नाही. आणि काय आवडलं म्हणता त्या लोकांना! मतदान झालं, एकमतानं पास. फक्त तिथल्या आकाशात चंद्र दोन आहेत, तेव्हा वैशाखातली तृतीया कुठल्या चंद्राची धरायची यावर दोन दिवस मतभेद झाले, शेवटी सुरतेच्या कॅलेंडरातली धरायची ठरली.

आणि मग अखाजीच्या आदल्या दिवशी पल्लवीनं यादी मोजली. टोळीतले मेलेले सतरा. सोळांना घर होतं, घरचं कुणीतरी जिवंत होतं. धूम्राला नव्हतं.

आता मला सांगा, 'घरच्यानं भरावी' हे मी मुद्दाम लिहिलं का? आमच्याकडे घागर घरचाच भरतो, परक्यानं कशाला भरावी, आमच्यात कुणी थांबून त्याचा विचार तरी करतं का? ज्या पोरीसाठी हे सगळं रचलं तिलाच मी माझ्या हातानं दाराबाहेर काढलं होतं. पल्लवी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "आबा, तुम्ही तिलाच बाहेर ठेवलं." आणि अखाजीच्या दिवशी सकाळीच भेस्तानला नूतनकडे, मैत्रिणीकडे, निघून गेली.

मी ललितला फोन केला, बाबा रे, तो एक शब्द काढ. तो म्हणाला, सर, मतदान झालं, आता तुम्हालासुद्धा बदलता येणार नाही. म्हणजे मी लिहिलेलं आणि मलाच... तेव्हा कुठे मला कळलं की शास्त्र कसं तयार होतं.

मग एकच वाट उरली. घरच्यानंच भरायची ना? ठीक आहे. गोपालला म्हणालो, तुझ्या फोनवर मला त्या खेळात घाल. त्यानं काही न विचारता घातलं, त्याला सुट्टी होती. तयार सोंगं तीन होती, त्यातलं जरा कमी दंड फुगलेलं घेतलं. प्रवेशासाठी आपली कथा लिहावी लागते. मी एकच ओळ लिहिली: धूम्रा ज्या धुरातून जन्मली, तो धूर माझ्या चुलीचा होता. त्यात 'कदाचित' नाही, 'बहुधा' नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एक विधान केलं, ललितनं ते वाचलं, आणि लिहिलं, "आओ दादा."

दुपार होती. घरात घागर पुजून झालेली, आगारीचा धूर अजून माजघरात तरंगत होता, पोटात आमरस, शेजारच्या लूमची खटखट एका लयीत... आणि मी अंगठ्यानं चालायला लागलो. आधी भिंतीत गेलो. मग विहिरीत. मग एका वाघतोंड्या माणसानं मला पुढे घालून वाट दाखवली, काय त्याचं मन म्हणता, आणि गवत मागे पडलं, आणि नदी आली.

ती नदी कशी सांगू? पाणी वाहत होतं आणि आवाज नव्हता. दोन्ही चंद्र दिवसाढवळ्या वर होते, उजेड असा की सावल्या पायाशी गोळा होऊन झोपलेल्या. काठावर घागरी घेतलेली माणसं. त्या जगात डांगर मिळत नाही म्हणून सगळ्यांनी वर भोपळे ठेवलेले. एकेकानं नाव घेतलं, आणि पल्याडहून एकेक जण पाण्यावरून चालत आला, घाई नाही, जशी माणसं एस.टी.तून उतरून पिशवी सावरत गावाच्या वाटेला लागतात तशी. सोळा आले. पाणी प्यायले. आपापल्या माणसांबरोबर निघून गेले. वाघतोंड्यासुद्धा गेला.

मी हाक मारली. धूम्रा. कुणी नाही. पुन्हा मारली. तिथला सूर्य खाली यायला लागला. पुसायची वेळ झाली की ते नाव जाणार, आणि पोरगी भेस्तानला, आणि मी एकटा काठावर... माझा डोळा लागला होता का? यावर मतभेद आहेत. गोपाल म्हणतो, मी घोरत होतो.

पण मी पाहिलं. पल्याड धूर उठला. धुरातून एक मुलगी निघाली, आडवीतिडवी, थोडी मागे, थोडी पुढे, एकदा तर उलटीच फिरली, पण नदी ओलांडून आली. वाकली. प्यायली. आणि तिच्या डोक्यावर अक्षरं उमटली: "पानी गार शे. आते घर जा, ऊन भलतंच शे."

चष्मा पुसून पाहतो तो सूर्य बुडालेला, आणि वहीत नाव तसंच.

संध्याकाळी पल्लवी आली, तिनं वही पाहिली. दोन वाट्या आमरस प्यायली. मी धरून चाललो की तिलाच राहवलं नसेल, आली असेल नूतनच्या फोनवरून. विचारलं नाही. काही गोष्टी विचारल्या की विरतात.

पण अभ्यासकाची खोड कुठे जाते? आहिराणी, आमची गावाकडची बोली! ही पोरगी मैत्रिणींशी गुजरातीत, टोळीशी हिंदीत, माझ्याशी कशीबशी मराठीत बोलते, आहिराणीचा एक शब्द तिच्या तोंडून कधी ऐकलेला नाही. मग धूम्रा आहिराणीत कशी बोलली? मी रात्रंदिवस विचार केला आणि पंधरावं कलम लिहिलं: पल्याड गेलेला माणूस आपल्या घरच्या पहिल्या बोलीत बोलतो. पास झालं. आज अष्टद्वीपात मेलेली माणसं ओडियात बोलतात, भोजपुरीत बोलतात, काठियावाडीत बोलतात. ललित सांगत होता, पोरं त्यासाठी गावी फोन लावून आजीला शब्द विचारतात. माझ्या आयुष्यातलं स्वतःचं म्हणावं असं हे एकमेव संशोधन, आणि ते मी ज्येष्ठ नागरिक मंडळात दोनदा वाचूनही दाखवलं.

गेल्या वर्षी पल्लवी अखाजीला आली होती. आता ती नोकरीला आहे, लोकांना कथा लिहून देते. न राहवून मी विचारलंच, की त्या दिवशी तुला ती आहिराणी सुचली कशी? "आबा, मी नूतनकडे झोपले होते. फोन घरीच फडताळात होता. मला वाटलं, तुम्हीच काहीतरी करून नाव ठेवून घेतलं." मग म्हणाली, फोन उघडता येत होता तो फक्त आजीला. आजी रोज दुपारी तिला त्या खेळात औषधाची दोनशे पानं खुडून द्यायची.

मी स्वयंपाकघरात गेलो. मालतीबाई माझ्याशी पन्नास वर्षं मास्तरीणबाईंसारखी शुद्ध बोलत आलीय, आहिराणी फक्त तिच्या बहिणींशी. हात पिठात होते. मी विचारलं, नदीवरून आली होतीस ती तू?

ती मान वर न करता म्हणाली, वळायचं कसं ते सापडत नव्हतं, नाहीतर आधीच आले असते.

"पण का?"

"का म्हणजे? म्हातारा माणूस पाऊण तास घागर घेऊन उन्हात उभा. कुणीतरी यायला नको?"