मध्यस्थ एकच

"तुझ्या त्या प्रॉटेस्टंट पाळकानं माझी कॅथलिक लेक माझ्यापासून तोडली!" ऑपरेशन थिएटरच्या दाराशी स्ट्रेचरवरची म्हातारी लेकीवर कडाडली.

"आई, बीपी वाढेल. मुठीतलं ते संताचं पदक दे इकडे."

"नर्सनं मागितलं तर देईन. तुला का खुपतंय?"

"मेलेल्या संतांना साकडं घालू नये. मध्यस्थ एकच, येशू. शास्त्रात स्पष्ट लिहिलंय."

"मग काल कशाला म्हणालीस, 'आई, माझ्या पोटातल्या बाळासाठी प्रार्थना कर'?"

"अगं, तू जिवंत आहेस!"

"आणि तासाभरात मेले तर? वर गेल्यावर बाळासाठी मागायचं नाही मी?"

"असं बोलू नकोस ना."

"रडू नकोस. लाव पाळकाला फोन. मला आत नेण्याआधी उत्तर पाहिजे."