टिकाऊ पाकीट

पर्सचा पट्टा शिवून मिळायची वाट बघत शिंपीणबाई चामड्याच्या दुकानात बसल्या होत्या. शेजारी एक वयस्कर गृहस्थ दुकानदाराशी बोलत होते.

"मुलासाठी पाकीट हवंय. टिकाऊ दाखवा."

"हे बघा काका, अस्सल चामडं, शिवणही दुहेरी. दहा वर्षं काही होणार नाही. कुठल्या खिशात ठेवतात ते?"

"म्हणजे?"

"मागच्या खिशात ठेवत असतील तर पातळ घ्या. बसून बसून वाकतं हो."

"ते काही ठाऊक नाही."

"बरं, नोटा जास्त असतात की कार्डं?"

"तेही सांगता यायचं नाही."

"काका, मुलगा तुमचाच ना?"

"माझाच. सात वर्षांपूर्वी रागाच्या भरात म्हणालो, पुन्हा तोंड दाखवू नकोस. त्यानं नाही दाखवलं."

"मग आता फोन करून विचारा की."

"उचलेल?"

"लावून तर बघा."

शिंपीणबाईंचा पट्टा शिवून झाला होता, पर्स हातातही आली होती; पण त्या उठल्या नाहीत.

"हॅलो... मी बोलतोय. नाही रे, आई बरी आहे. सगळे बरे आहेत. एवढंच विचारायचं होतं, तू पाकीट कुठल्या खिशात ठेवतोस? ... हो का? ... बरं. बरं."

"काय म्हणाले?"

"पाकीट वापरायचं केव्हाच सोडलंय म्हणाला."

"अरेरे! मग हे आत ठेवू?"

"नको, बांधून द्या. तरी घेऊन या, म्हणाला."