रेवाच्या खोडी

अध्यक्षमहाराज रिसालदार बळवंतराव, धारहून मुद्दाम आलेले पाहुणे मानाजीराव, पडद्यामागे बसलेल्या माता-भगिनी आणि देवासच्या पागेतील माझ्या सोबत्यांनो,

महिन्यापूर्वी एका सकाळी मी आमच्या गावच्या नाल्यात बसून अंघोळ करीत होतो. सभेत सांगण्याजोगी ही गोष्ट नव्हे, हे मला कळते. पण आज पागेचा निरोप घेताना मला जे सांगायचे आहे ते त्या अंघोळीतूनच निघाले आहे, तेव्हा ऐकून घ्यावे.

आमचे खेडे लोहारद्याजवळ. पहिला तांब्या डोक्यावर घेताना ‘नर्मदे हर’ म्हणायचे, ही वडिलांपासूनची सवय. मी डोळे मिटून म्हटले, तोच शेजारून वारा गेल्यासारखे झाले. डोळे उघडले, तर पलीकडच्या काठावर रेवा! खुंट्याचे दावे तोडून आलेली. नाला ओलांडून उभी, आणि मान वळवून माझ्याकडे पाहत होती. मी दुसरा तांब्या घेतला, ‘नर्मदे हर’ म्हटले. ती उडी मारून परत अलीकडे आली. असे किती वेळ चालले कोण जाणे. शेवटी काठावरून आमच्या मंडळींनी, राजाबाईंनी, हाक मारली, “अंघोळ चालली आहे की कवायत?”

रेवा कोण, हे देवासकरांना सांगायला नको. पण पाहुण्यांसाठी सांगतो. भीमथडीची ठेंगणी घोडी, रंगाने ओल्या मातीसारखी. मी जन्मभर बारगीर, म्हणजे घोडे सरकारचे, बसणे आपले. अनेक घोड्यांवर बसलो, पण जीव जडला तो हिच्यावर.

धारच्या मैदानावर तीन दिवसांची परीक्षा व्हायची. पहिल्या दिवशी चाल, दुसऱ्या दिवशी शेते, बांध, नाले ओलांडत लांबची दौड, तिसऱ्या दिवशी कुंपणांवरून उड्या. तिथे उंच अरबी घोड्यांच्या रांगेत आम्ही उभे राहिलो, तेव्हा आमचेच रघुजी मागून म्हणाले, “काका, घोडीवर बसलात की बकरीवर?” सगळी रांग हसली. रघुजी, खाली पाहू नका, मीही हसलो होतो.

तिला एकच अडचण. पाणी आडवे आले की ती थांबते. का, ते देवाला ठाऊक. एकदा एका नाल्यावर सारे उपाय थकले, तेव्हा माझ्या तोंडून सहज ‘नर्मदे हर’ निघाले आणि ती उडाली. तेव्हापासून तिला तो शब्द लागतो. पण परीक्षेत स्वाराने घोड्याशी बोलायचे नाही, असा नियम. पंचांनी मला बोलावले. “तुम्ही घोडीशी काय बोलता?” मी म्हटले, “साहेब, घोडीशी नाही, देवाशी बोलतो. ऐकते मात्र ती.” पंच मिशीत हसले, आणि गुण कापलेच. तरीही तिसऱ्या दिवशी त्या उंच घोड्यांत आमची बकरी दुसरी आली. मानाजीराव, पहिला घोडा तुमचा होता. तुम्ही त्या दिवशी उतरून येऊन रेवाच्या मानेवर हात ठेवलात, ते मी विसरलेलो नाही.

मग माझा गुडघा गेला. बसणे संपले. रिसालदारसाहेबांनी थोर मनाने सांगितले, “कृष्णाजी, घोडी तुम्ही घरी न्या.” जन्मात पहिल्यांदा एक घोडे माझे झाले. मी तिला गावी नेले, चिंचेखाली बांधले, हिरवी वैरण घातली. ती खायची थोडे, आणि रस्त्याकडे कान करून उभी राहायची. मला वाटले, रुळेल.

त्या सकाळी ओल्या अंगाने घरी आलो तेव्हा राजाबाई एवढेच म्हणाल्या, “तुम्ही तिला आणलंत. तिला विचारलंत का?”

मी देवापुढे बसलो, पण जपात मन लागेना. ती दिवसभर खुंट्याशी उभी राहावी, ही ओढ कोणाची? माझी. तिला अजून दहा नाले ओलांडायचे आहेत, आणि मला एक पायरी चढवत नाही. हे कळायला एक सकाळ पुरली. मनाला पटवायला महिना लागला.

मानाजीराव आत्ताच आपल्या भाषणात म्हणाले, रेवा आता कृष्णाजींच्या अंगणात सुखाने उभी राहील. आपण टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांचे बोलणे मध्येच तोडणे बरे नव्हे, म्हणून मी गप्प राहिलो. पण तसे होणार नाही.

आमच्या पागेची रीत अशी, की घोडे दुसऱ्याच्या हाती देताना गुण सांगायचे नाहीत, खोडी तेवढ्या सांगायच्या. गुण नवा स्वार आपले आपण शोधील. खोड कळली नाही तर मान मोडून घेईल. रेवाला मी इथे परत घेऊन आलो, आणि आज सकाळी रिसालदारसाहेबांच्या परवानगीने, पागेजवळच्या नाल्याकाठी, चार सोबत्यांसमोर मी खोडी सांगितल्या. खोगिराचा तंग आवळताना पोट फुगवते. डाव्या कानाला हात लावू देत नाही. हरभरा नीट भिजला नसेल तर तोंड फिरवते. आणि पाण्यावर थांबते.

रघुजी बसले, नाल्यापर्यंत गेले. रेवा दगडासारखी उभी. ते ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले. ती हलेना. घोड्यांची निगा राखणारा आमचा गणपत खासदार ओरडला, “भिया, जोर से बोलो! घोड़ी को शरम नहीं, आपको है!” रघुजींचे कान लाल झाले. मग त्यांनी असा गजर केला, की झाडावरचे बगळे उडाले. आणि रेवाही उडाली.

पलीकडे उतरल्यावर ती मान वळवून माझ्याकडे पाहील, असे मला वाटले होते. तिने पाहिले नाही. कान पुढे करून ती दौडत गेली. बरे झाले. पाहिले असते, तर मी लगाम परत मागितला असता.

मंडळींनो, आपण मला शेला-पागोटे दिलेत, गोड बोललात, माझ्यासारख्या बारगिरासाठी एवढे जण जमलात, याचा मी ऋणी आहे. बोलण्यात लांबण लागली असेल, कोणाचे नाव राहिले असेल, तर ते मोठ्या मनाने सोडून द्यावे. आणि रिसालदारसाहेब, आपण दिलेली सर्वांत मोठी भेट मी ठेवून घेऊ शकलो नाही, त्याबद्दल सर्वांसमोर हात जोडतो. रेवा आज सकाळी मी रघुजींना दिली.